परक्या देशातली यादवी आणि आपलं सरकार: गडहिंग्लजच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न गडहिंग्लजच्या एका मुलाचा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. तो लिहितो: "मॅडम, माझा मामा खार्तूमजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. 2023 साली ऑपरेशन कावेरीतून तो परत आला. सरकारनं त्याला सुखरूप आणलं, याचा आनंद आहेच. पण नंतर सुदानबद्दल आपण फारसं बोलताना दिसत नाही. कोण चूक, कोण बरोबर तेही सांगत नाही. दुसऱ्या देशात यादवी पेटली की सरकारनं नेमकं काय करायचं असतं? गप्प राहणं हेच धोरण का? मामाबरोबर काम करणारे सुदानी लोक अजून तिकडंच आहेत. त्यांचं काय?"

बाळ, मी 31 वर्षं परदेशातल्या आपल्या वकिलातींमध्ये काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं कॉन्सुलर विभागात गेली. पासपोर्ट, व्हिसा, तुरुंगातल्या भारतीयांना भेटणं, मृतदेह घरी पाठवणं, पगार अडवलेल्या कामगारांची भांडणं सोडवणं हे आमचं रोजचं काम. दोनदा अशा शहरात होते, जिथं रात्री झोपताना एक सरकार होतं आणि सकाळी उठल्यावर कुणाला फोन करायचा ते कळेना. त्या शहरांची नावं लिहीत नाही, कारण तिथले आमचे स्थानिक सहकारी अजून तिथंच राहतात. आता निवृत्त होऊन कोल्हापुरात आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर एवढंच. सरकार बाजू घेत नाही, कारण दोन्ही बाजूंचे फोन त्याला लागायला हवे असतात. ते योग्यच आहे. पण फोन लागतोय तर त्यावर मागितलं काय, हा प्रश्न आपण नागरिकांनी विचारायला हवा. फक्त आपली माणसं मागितली, की तिथल्या माणसांसाठी रस्ताही मागितला? माझ्या मते सगळा हिशेब इथं येऊन थांबतो. आता सविस्तर.

पहिल्या दोन-तीन दिवसांत वकिलातीत जे चालतं ते बातम्यांत दिसत नाही. तिथं चालू असते यादी. आपल्या देशाची किती माणसं इथं आहेत, याचा पक्का आकडा कुठल्याच वकिलातीकडं नसतो. नोंदणी ऐच्छिक असते आणि माणूस नोंदणी करतो ती अडचण आल्यावर. कंपनीनं आणलेले लोक कंपनीच्या कागदावर सापडतात. पण टुरिस्ट व्हिसावर येऊन राहिलेला सुतार, स्थानिक माणसाशी लग्न केलेली बाई, तीन पिढ्या तिथं असलेलं गुजराती कुटुंब, जडीबुटीचं तेल विकायला आलेली माणसं, ही कुठल्या रजिस्टरात नसतात. सुदानमध्ये कर्नाटकातले हक्कीपिक्की समाजाचे लोक अडकले होते, ते याच कामाला गेलेले. अशांचा पत्ता लागतो तो व्हॉट्सॲपच्या गटातून, गुरुद्वारातून, मसाल्याच्या दुकानदाराकडून. आमच्याकडं एक केरळी नर्स होती. तिच्या वहीत जेवढी नावं निघाली तेवढी आमच्या संगणकात नव्हती. त्या रात्री ती वही समोर ठेवून आम्ही चौघं पहाटेपर्यंत फोन लावत बसलो होतो.

यादीनंतर कागद. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि मालक पळून गेलेला, हे दर दहा माणसांत दोघा-तिघांचं असायचं. मग इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यायचं. एकदाच, मायदेशी परतण्यापुरतं चालणारं साधं प्रवासपत्र असतं ते. फोटो नाही, छपाईयंत्र बंद, तर हातानं लिहायचं आणि शिक्का मारायचा. तो माणूस भारतीयच आहे हे ठरवायचं कसं? आम्ही तालुका विचारायचो, जवळचं एसटी स्टँड विचारायचो, तिथली बोली बोलून बघायचो. चूक होण्याची भीती असायची. पण नाकारलं आणि तो खरंच आपला निघाला तर काय, ही भीती त्याहून मोठी.

आणि मग रस्ता. खार्तूमचा विमानतळ 15 एप्रिल 2023 ला, लढाईच्या पहिल्याच दिवशी रणांगण झाला. एका बाजूला जनरल बुरहान यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला 'हेमेदती' नावानं ओळखल्या जाणाऱ्या दगालोंची आरएसएफ ही निमलष्करी फौज. विमान उतरणार नाही म्हटल्यावर उरलं पोर्ट सुदान. रस्त्यानं आठशे किलोमीटरहून जास्त. कोल्हापूरहून बसनं नागपूर गाठण्याएवढं अंतर, आणि वाटेत जागोजागी बंदूकधाऱ्यांची नाकी. कोणतं नाकं कुणाचं हे सकाळ-संध्याकाळ बदलतं. बसवाला भाडं दहापट मागतो. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही, कारण परत येईल की नाही हे त्यालाही माहीत नसतं. डिझेल मिळत नाही. असा खर्च करायला 2009 साली भारतीय समुदाय कल्याण निधी उभा केला गेला. वकिलातींमध्ये कॉन्सुलर कामांच्या शुल्काबरोबर थोडी रक्कम या निधीसाठी घेतली जाते. तुझ्या मामानं कधीतरी त्यात भर घातली असेल आणि परत येताना त्याचीच बस त्यातून निघाली असेल.

कावेरी 24 एप्रिलला जाहीर झाली. म्हणजे लढाई सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत सरकार झोपलं होतं का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. झोपलं नव्हतं. परराष्ट्रमंत्री सौदी आणि अमिरातीच्या मंत्र्यांशी बोलत होते, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना भेटले होते. अमेरिका आणि सौदीच्या मध्यस्थीनं 72 तासांचा युद्धविराम ठरला, तो 24 च्या मध्यरात्रीपासून. त्या फटीतून बसेस निघाल्या. 'आयएनएस सुमेधा' पहिल्या 278 जणांना घेऊन पोर्ट सुदानहून जेद्दाला गेली, मग तेग आणि तर्कश आल्या. हवाई दलाच्या सी-130 विमानानं खार्तूमच्या उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवरच्या वादी सय्यिदनाच्या धावपट्टीवर रात्री उतरून 121 जणांना उचललं. त्या पट्टीवर दिवे नव्हते, मार्गदर्शनाची साधनं नव्हती. वैमानिक रात्री दिसणारे चष्मे लावून उतरले. 5 मे रोजी मोहीम संपली तेव्हा 3,862 माणसं परतली होती. हे काम फार चांगलं झालं आणि मी ते मनापासून म्हणते.

पण त्या विमानाला उतरू कुणी दिलं आणि त्या बसेस नाक्यांवरून पुढं कुणी सोडल्या, याचा विचार कर. दोघांनीही. आदल्या दिवशी दिल्लीनं एका बाजूचा निषेध केला असता तर दुसऱ्या दिवशी तिच्या नाक्यावर अशोकस्तंभाचा कागद दाखवून उपयोग झाला नसता.

येमेनचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. 2015 च्या मार्च अखेरीस सौदी आघाडीनं तिथल्या हूथी बंडखोरांवर बॉम्बहल्ले सुरू केले. सना शहर आणि तिथला विमानतळ हूथींच्या हातात, आकाश सौदीच्या हातात. एअर इंडियाचं विमान उतरायचं तर खालच्यांनी दार उघडायचं आणि वरच्यांनी त्या वेळेपुरतं बॉम्ब टाकणं थांबवायचं. आपल्याला रोज काही तासांची मुभा मिळायची. विमान जिबूतीहून निघून, माणसं भरून त्या वेळेत परत यायचं. एडन, होदेदा, मुकल्ला इथून नौदलानं माणसं काढली. राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंग जिबूतीत तळ ठोकून होते. ऑपरेशन राहतमध्ये साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि 41 देशांचे 960 नागरिक आले. मुकल्लाहून 11 भारतीयांना पाकिस्तानच्या नौदलानं बाहेर काढलं, हेही सांगायला हवं. अशा वेळी समुद्रात कोण कुणाचा हे वेगळं ठरतं.

आता तुला आमची सरकारी निवेदनं गुळमुळीत का वाटतात ते कळेल. त्यांचा एकेक शब्द मोजून टाकलेला असतो. 'चिंता' वेगळी, 'तीव्र चिंता' वेगळी, 'निषेध' आणखी वेगळा. 'सर्व पक्षांनी संयम राखावा' हे वाक्य वाचून मला स्वतःला अनेकदा राग आला आहे, विशेषतः जेव्हा खिडकीतून कोण संयम पाळत नाही ते स्वच्छ दिसत होतं. तरी त्या दिवशी तेच वाक्य बरोबर होतं, कारण आमच्या यादीतले अडीचशे लोक त्याच बाजूच्या मोहल्ल्यात अडकले होते. माणसं बाहेर पडल्यावर मात्र तेच वाक्य तसंच्या तसं पुढं चालू ठेवणं मला पटत नाही. आमच्या सेवेतल्या अनेकांशी माझा या बाबतीत मतभेद आहे.

बाजू न घेण्याची दुसरी परंपरा सुरक्षा परिषदेतल्या मतदानाची. लिबियाचं बघ. 2011 साली भारत परिषदेचा अस्थायी सदस्य होता. 26 फेब्रुवारीला लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांच्यावर निर्बंध लादणारा ठराव 1970 आला, त्याला आपण बाजूनं मत दिलं. 17 मार्चला ठराव 1973 आला. उड्डाणबंदी आणि नागरिकांच्या रक्षणासाठी 'आवश्यक ती सर्व पावलं'. त्यावर ब्राझील, रशिया, चीन आणि जर्मनीबरोबर आपण तटस्थ राहिलो. आपलं म्हणणं होतं की संयुक्त राष्ट्रांच्या दूताचा अहवाल अजून आलेला नाही, जमिनीवरची खात्रीशीर माहिती नाही, मग बॉम्बचा अधिकार कशाच्या जोरावर देता? पुढं नाटोची मोहीम नागरिकांच्या रक्षणापाशी थांबली नाही, सत्ता उलथेपर्यंत गेली. देश फुटला आणि तिथली शस्त्रं सहारा ओलांडून मालीपर्यंत पोचली. ती तटस्थता मला आजही बरोबर वाटते. आपले पंधरा हजारांहून जास्त लोक त्या मतदानाआधीच बाहेर पडले होते, म्हणजे तिथं स्वार्थाचा प्रश्न फारसा उरला नव्हता. पण नंतर लिबियासाठी आपण काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं माझ्याकडं फार नाही.

तटस्थता सोडली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. सैनिक टाकळी, कागल, गडहिंग्लज, चंदगड या भागात श्रीलंकेहून परतलेल्या जवानांना विचार. 1987 च्या जूनमध्ये श्रीलंकेच्या सैन्याचा तमिळ वस्तीच्या जाफनाला वेढा पडला होता. आपण अन्नधान्याच्या होड्या पाठवल्या, श्रीलंकेच्या नौदलानं त्या परत फिरवल्या. दुसऱ्या दिवशी, 4 जूनला, मिराज विमानांच्या संरक्षणात पाच एएन-32 विमानांनी जाफनावर सुमारे 25 टन सामान टाकलं. ऑपरेशन पूमलै. 25 टन म्हणजे दोन-तीन ट्रक. वेढ्यातल्या लाखो लोकांना ते पुरणारं नव्हतं. संदेश द्यायचा होता, तो पोचला. 29 जुलैला करार झाला आणि आपली शांतिसेना गेली. गेली ती तमिळांच्या रक्षणासाठी, आणि लढावं लागलं तमिळ वाघांशी. मार्च 1990 मध्ये ती परतली तेव्हा आपले सुमारे 1,200 जवान गेले होते. मदत आणि लष्करी दबाव एकाच पोत्यात बांधले की पुढं कुणी तुमच्या पोत्यावर विश्वास ठेवत नाही. हे मी पुस्तकातून नाही, वरिष्ठांच्या तोंडून ऐकलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

आपल्या कोल्हापूरचाच एक माणूस तटस्थता कशी वापरावी ते दाखवून गेला. पेठ वडगावचे शंकरराव थोरात. कोरियात उत्तर-दक्षिण असं भाऊबंदांचं युद्ध 1953 मध्ये थांबलं, पण युद्धकैद्यांवरून घोडं अडलं. बावीस हजारांहून जास्त कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांना कुणाच्या ताब्यात द्यायचं? दोन्ही बाजूंना चालेल असा देश भारत होता. त्यासाठी तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. एका बाजूचा प्रचार, दुसऱ्या बाजूची दमदाटी, छावणीत कैद्यांनी आपल्याच लोकांचे केलेले खून, या सगळ्यात प्रत्येकाला स्वतःची इच्छा सांगण्याची संधी मिळावी म्हणून ती फौज उभी राहिली. अमेरिका रागावली, चीन रागावला, कोरियाचे दोन्ही भाग रागावले. तरी कुणाचा गट न धरण्याचं मोल म्हणून आपण तिथं काही मागून घेतलं, आणि ते माणसांसाठी मागितलं.

अलीकडचं चांगलं उदाहरण गव्हाचं. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये आले. आपण त्यांना मान्यता दिली नाही, वकिलात रिकामी केली. पण हिवाळा तोंडावर आणि अफगाणिस्तान उपाशी. ऑक्टोबरमध्ये भारतानं 50 हजार टन गहू देऊ केला. न्यायचा कसा? सोपा रस्ता पाकिस्तानातून, अटारी-वाघा ते अफगाण सीमेवरचं तोरखम. पाकिस्तानशी व्यापार बंद. चर्चा महिनोन् महिने चालली ती तपशिलांवर. ट्रक कुणाचे, चालक कुठले, सीमेवर माल उतरवायचा का, रोज किती गाड्या सोडायच्या. शेवटी अफगाण ट्रक, अफगाण चालक असं ठरलं आणि 22 फेब्रुवारी 2022 ला अटारीहून पहिले 50 ट्रक 2,500 टन घेऊन सुटले. जलालाबादला तो माल जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात दिला गेला, तालिबानच्या नव्हे. मान्यता न देता पोट भरता येतं, हे त्यातून दिसलं. मला विचारशील तर मुत्सद्देगिरीचं खरं काम तेच. हस्तांदोलनाचे फोटो नंतर.

तुला 2019 चा पूर आठवत असेल. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, गावात पेट्रोल नाही, दूध नाही, आंबेवाडी-चिखलीची माणसं गच्चीवर. बाहेरून ट्रकच्या ट्रक मदत येत होती, पण रस्त्यापलीकडं थांबलेली. रस्ता उघडल्यावर जे आलं त्यात जुन्या कपड्यांचे ढीग आणि बिस्किटांचे पुडे किती होते, आणि जनावरांचा चारा, क्लोरीन, चिखल उपसायचे पंप किती कमी होते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. तिथं अडवणारं फक्त पाणी होतं, आणि पाणी आठवड्यात ओसरतं. आता त्या जागी असं समज की शिरोलीच्या पुलावर एक फौज आहे, गगनबावड्याच्या घाटात दुसरी, आणि दोघींनाही ट्रक आत जाऊ द्यायचा नाही, कारण भूक हेच त्यांचं हत्यार आहे. सुदानमधल्या अल-फाशर शहराचं तेच झालं. 2024 च्या मे महिन्यापासून आरएसएफचा वेढा, सुरक्षा परिषदेनं जूनमध्ये वेढा उठवा म्हणून ठराव केला, कुणी ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये जवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये शहर पडलं आणि मोठी कत्तल झाली. दुसऱ्या बाजूनं लष्करी सरकारनं चाडच्या सीमेवरचं आद्रे नाकं 2024 मध्ये कित्येक महिने मदतीला बंद ठेवलं होतं. ते ऑगस्टमध्ये उघडलं ते दबाव आल्यावर. म्हणून 'मदत पाठवा' म्हणताना 'कुठल्या नाक्यातून' हे विचारावंच लागतं. औषधाचा खोका विमानतळावर सुपूर्द केल्याचा फोटो निघतो. तो खोका पुढं कुठं गेला याचा फोटो क्वचित निघतो.

खोका पोचवणं आपल्याला जमत नाही असं नाही. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आपण पुलमोड्डाईला फील्ड हॉस्पिटल उभं केलं. युद्धक्षेत्राच्या किनाऱ्यावरून रेडक्रॉसची बोट जखमींना घेऊन यायची आणि आपले डॉक्टर त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायचे. पुढं ते हॉस्पिटल विस्थापितांच्या मेनिक फार्म छावणीकडं हललं. काही महिन्यांत 50 हजारांहून जास्त रुग्ण तपासले. नंतर सुरुंग काढणारी पथकं, जयपूर फूटची शिबिरं, आणि उत्तर-पूर्व प्रांतांत 46 हजार घरं, ज्यांचे पैसे टप्प्याटप्प्यानं थेट घरमालकाच्या हातात दिले. हे काम उत्तम. आणि त्याच वेळी हेही खरं की किनारपट्टीच्या त्या चिंचोळ्या तुकड्यात अडकलेल्या हजारो माणसांवर तोफा चालू असताना बंद दाराआडचं आपलं बोलणं पुरं पडलं नाही. तिथं आपली ओळख होती, वजन होतं. ते पूर्ण वापरलं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आता तुझ्या मामाच्या सहकाऱ्यांचा प्रश्न. यादवीतून पळालेला माणूस आपल्या दारात आला तर?

1971 मला आठवतं. मी अकरा वर्षांची होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. त्या वर्षी नोव्हेंबरपासून पत्रांवर 5 पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांसाठी. आमची आजी कागलहून पत्र पाठवायची, तिला लिहिता येत नव्हतं, शेजारची मुलगी लिहायची. पण ते पाच पैशांचं तिकीट आजी स्वतः चिकटवायची. बंगाल कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मला तो त्या वर्षीच्या परराष्ट्र धोरणाचा भाग वाटतो, मॉस्कोशी झालेल्या कराराएवढाच.

तरीही आपल्याकडं निर्वासितांसाठी कायदा नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. 1946 चा परदेशी नागरिकांचा कायदा गेला आणि 2025 मध्ये नवा आला, पण त्यातही निर्वासितांना स्वतंत्र चौकट नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं की जगण्याचा हक्क देणारं कलम 21 परदेशी माणसालाही लागू आहे. तोच मोठा आधार. बाकी सगळं कुठल्या वेळी कोण सत्तेवर आहे आणि कुठल्या सीमेवरून माणूस आला यावर. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्करानं सत्ता घेतली, लोक मिझोरमला पळून आले. 10 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं ईशान्येच्या राज्यांना त्यांना रोखायला सांगितलं. मिझोरमचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आमचे रक्ताचे नातेवाईक आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. मिझोरमनं तीस हजारांहून जास्त लोकांना ठेवून घेतलं, चर्च आणि गावांच्या वर्गणीवर. एवढं लहान राज्य, आणि त्यानं ओझं उचललं. दिल्लीनं त्याला मोकळेपणानं पैसे द्यायला हवे होते.

आपल्याला हे अनोळखी वाटायला नको. गांधीनगरला तू कपडे घ्यायला जातोस ना? तिथं वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडचे सुमारे पाच हजार लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना यादवीनं नाही, सोव्हिएत हद्दपारीनं घर सोडायला लावलं होतं; सैबेरियातून इराण, तिथून इथं. पंचगंगेकाठी त्यांची शाळा, चर्च, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं हाकललेले सिंधी आले, आणि आजचं गांधीनगर झालं. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही पोलंडशी बोलताना आपल्या राजदूतांना ही एक गोष्ट सांगता येते. मी स्वतः एका युरोपीय मुत्सद्द्याला कोल्हापूर म्हटल्यावर उठून हात मिळवताना पाहिलं आहे.

सुदानबाबत आज काय करता येईल, हे विचारशील तर माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. एक, ज्यांच्याशी आपली खरी मैत्री आहे त्यांच्याशी बोलणं. आरएसएफला शस्त्रं संयुक्त अरब अमिरातीतून जातात असा आरोप आहे, अमिरात तो नाकारते. इजिप्त सैन्याच्या बाजूनं आहे. दोन्ही देशांशी आपले संबंध उत्तम आहेत. अमुक नाकं उघडा, अमुक शहराकडं जाणारे ट्रक सोडा, एवढी बारीक, मोजता येणारी मागणी मित्राकडं करता येते आणि ती जाहीर करायचीही गरज नसते. दुसरी गोष्ट आपल्याच हातात आहे. पुण्यात कित्येक वर्षांपासून सुदानी विद्यार्थी शिकतात. घरून पैसे येणं बंद झालं, पासपोर्टची मुदत संपली, नवा सहज मिळत नाही, अशी पोरं आहेत. त्यांचा व्हिसा वाढवणं, फीला मुदत देणं, काहींना आयसीसीआरची, म्हणजे सरकारच्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती देणं. याला ना युद्धनौका लागते ना सुरक्षा परिषद. आपण सीरियाच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या काढल्या होत्या, दमास्कसची वकिलात संपूर्ण यादवीत चालू ठेवली होती. म्हणजे वाट माहीत आहे.

तू परीक्षेला बसतोयस, म्हणून एक सूचना. उत्तरात फक्त मोहिमांची नावं आणि आकडे लिहू नकोस. कावेरी, राहत, संकटमोचन सगळ्यांना पाठ असतात. कोणाशी बोलून रस्ता मिळाला आणि माणसं आल्यावर पुढं काय केलं, हे लिही.

आणि मामाला माझ्यातर्फे एक विचार. त्याला कारखान्यातून बसपर्यंत कुणी पोचवलं? बहुतेकांना कुणीतरी सुदानी माणसानंच पोचवलेलं असतं, स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या डिझेलवर. त्या माणसाचा नंबर मामाकडं अजून असेल तर लावून बघायला सांग. त्याची मुलं शिकणाऱ्या वयाची असतील आणि त्यांच्याकडं चालू पासपोर्ट असेल, तर त्यांची कागदपत्रं मला पाठव. पुण्याच्या कॉलेजांचे प्रवेश कधी सुरू होतात ते मी बघून ठेवते.